'ग' उलटा काढतो का?

माननीय शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



मंत्रिमहोदय,

माझ्याकडे माझ्या बाईंचा फोटो नाही. 2022 साली वर्गावर्गात शिक्षकांचे फोटो लावायचं ठरलं, तेव्हा मीही तालुक्याला जाऊन माझा काढून आणला, मोठा करून घेतला आणि फळ्याच्या वर ठोकला. खाली 'आपले गुरुजी'. स्टुलावर उभा राहून खिळा मारताना वाटलं, ही जागा खरं तर बाईंची. पण त्या आमच्या गावात सहा वर्षं होत्या आणि त्या सहा वर्षांत गावात एकदाही कॅमेरा आला नाही. त्यामुळे पोरांच्या डोक्यावर मीच.

मी जिल्हा परिषदेचा प्राथमिक शिक्षक. 2003 साली शिक्षणसेवक म्हणून लागलो, तेव्हापासून बालाघाटाच्या डोंगरातच आहे. हे पत्र खुलं लिहितोय, कारण रीतसर मार्गानं पाठवलं असतं तर केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी अशा सह्यांची वारी करत ते एखाद्या फायलीत मुक्कामाला राहिलं असतं. आणि तुमच्या खुर्चीवर आज कोण आहे हे बघूनही लिहिलेलं नाही. माझ्या नोकरीत त्या खुर्चीवर बरेच जण बसून गेले. पत्र खुर्चीला आहे.

बाई आमच्या गावात आल्या 1988 साली. 1986 च्या शैक्षणिक धोरणातून खडू-फळा मोहीम निघाली होती. शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक, आणि जमेल तिथे त्यातली एक बाई. आमच्याकडे दुसरी खोली यायला पुढे तीन वर्षं लागली, पण बाई आल्या. पातळ चापूनचोपून नेसलेल्या, हातात पत्र्याची पेटी, आणि भाषा आमच्याहून वेगळी. आम्ही 'माय' म्हणायचो, त्या 'आई' म्हणायच्या. मी तिसरीत होतो. पहिले आठ दिवस त्या काय बोलतात ते निम्मं कळायचं नाही, पण त्या थांबायच्या. आम्हाला कळेपर्यंत थांबायच्या. इतका वेळ आमच्यासाठी कुणी थांबलेलं आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

दसरा झाला की आमचं गाव रिकामं व्हायचं. मुकादमाकडून घेतलेली उचल पावसाळ्यातच संपलेली असायची, ती फेडायला ऊसतोडीला जायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता. आमच्याही घरचा एक होता. भांडी, दाणे, कोंबड्या, लेकरं असं सगळं ट्रकमध्ये घालून माणसं सांगली-कोल्हापूरकडे निघायची, ती पाडव्याच्या मागेपुढे परतायची. पटावर 58 नावं, दिवाळीनंतर हजेरीला 20 देखील नाहीत. बाईंच्या आधीचे गुरुजी वाईट नव्हते, पण गेलेलं लेकरू म्हणजे गेलेलं. परत आलं की पुन्हा पहिलीत बसवायचं.

त्या वर्षी निघायच्या आदल्या दिवशी बाईंनी आम्हाला शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं आणि प्रत्येकाच्या हातात एकेक पोस्टकार्ड दिलं. 15 पैशांचं. शाळेचा पत्ता त्यांच्या अक्षरात आधीच लिहिलेला. म्हणाल्या, "पोहोचलात की लिहा. काय वाटेल ते लिहा. कारखान्याच्या गेटापाशी लाल पेटी असते, त्यात टाका."

किती जणांनी लिहिलं, मला माहीत नाही. मी लिहिलं, तेही दोन महिन्यांनी. माय आणि बाप पहाटे तीनला फडात जायचे. कोपीत मी आणि माझा पाच वर्षांचा भाऊ. त्याला सांभाळायचं, वाढ्याच्या पेंढ्या राखायच्या, दुपारी भाकरी घेऊन फडात जायचं. कंटाळा आला म्हणून मी कोपीसमोरची राख पसरून त्यावर काडीनं त्याला अक्षरं काढून दाखवायला लागलो. मग एके दिवशी ते कार्ड सापडलं. घड्या पडलेलं, एका कोपऱ्याला तेल लागलेलं. मी लिहिलं, "बाई इथ उस लई हाय. शाळा नाय. मी भावाला ग म भ न शिकवतो." कार्डावर पुष्कळ जागा उरली, तिथे उसाचं चित्र काढलं.

पाडव्यानंतर शाळेत गेलो, तर बाईंनी टेबलाच्या खणातून माझं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. तपासलेलं! लाल शाईनं 'उस'चा 'ऊस' केलेला. 'इथ'वर टिंब दिलेलं. 'लई हाय'ला मात्र हात लावलेला नव्हता. घरची बोली ही चूक नव्हे, हे मला पुढे डी.एड.ला दोन तासांच्या व्याख्यानात शिकवलं गेलं. बाईंनी ते न खोडून शिकवलं होतं. आणि चित्राच्या खाली, जिथे इतर शिक्षक 'शाबास' लिहितात तिथे, एक प्रश्न होता. "भाऊ 'ग' उलटा काढतो का?"

मी म्हणालो, "व्हय. आधी काना ओढतो आणि मग त्याच्या पलीकडं गाठ काढतो."

"मग तू काय करतोस?"

"हात धरून काढून घेतो."

बाई गप्प बसल्या. चांगल्या मिनिटभर. मी काहीतरी चुकीचं बोललो की काय, असं वाटायला लागलं. मग म्हणाल्या, "हात नको धरूस. काना तू काढून ठेव आणि त्याला म्हण, काठीच्या अलीकडं गाठोडं ठेव. बघ काय होतं. आणि मला सांग."

आणि मला सांग. आठ वर्षांच्या पोराला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या विद्यार्थ्याबद्दल विचारलं होतं, आणि उत्तराची वाटही बघणार होतं. मंत्रिमहोदय, मी शिक्षक झालो तो त्या दिवशी. बारावीचे टक्के, डी.एड.चा प्रवेश, नेमणुकीचा आदेश हे सगळं पुढे कागदोपत्री होत गेलं.

भावाचा 'ग' आठवड्यात सरळ झाला. भाऊ मात्र सहावीतून सुटला. तोवर बाई बदलून गेल्या होत्या, बापाची पाठ गेली होती, आणि कोयता अर्धा राहून चालत नाही. आजही तो आणि त्याची बायको दसऱ्यानंतर जातात. मोबाईलवर निरोप पाठवतो तो बोलून, लिहून नाही. म्हणून एका बाईंनी गाव बदलून टाकल्याची गोष्ट मी तुम्हाला सांगत नाहीये. 58 मधले बरेचसे आज उसातच आहेत. पण त्यांच्यातल्या कुणालाही विचारा, बाईंनी त्याला काय विचारलं होतं ते तो सांगेल.

बाईंच्या गणिताबद्दलही लिहायला हवं. लहान लेकरांना त्रेचाळीस लिहायला सांगा, हमखास काही जण 34 लिहितात. चूक लेकराची नाही, कान आधी 'त्रे' ऐकतो. मराठीत आपण सुटे आधी बोलतो आणि दहा मागून. बाईंनी तुरीच्या काड्या आणल्या, दहा-दहाच्या मोळ्या बांधल्या आणि म्हणाल्या, "फडात काय मोजता? आधी मोळ्या, मग उरलेल्या कांड्या. लिहायचंही तसंच." चार मोळ्या, तीन कांड्या. आमच्यातलं एकही पोर त्यानंतर चुकलं नाही, कारण मोळीचा हिशेब चुकला की घरात काय होतं ते आम्ही पाहिलेलं होतं. 2019 साली डॉ. मंगला नारळीकर यांच्या समितीनं दुसरीच्या गणितात 'वीस एक', 'वीस दोन' असं वाचन सुचवलं, तेव्हा अख्ख्या महाराष्ट्रानं आठवडाभर विनोद केले. विधानसभेतही झाले. मी हसलो नाही. दुसरीच्या वर्गापुढे उभं राहिलेल्या माणसाला तो प्रश्न ठाऊक असतो. उत्तर पटो न पटो, कुणीतरी लेकरू कुठे अडखळतं ते बघून पुस्तकात लिहिलं होतं, एवढं तरी मान्य करायला हवं होतं.

आता माझ्या वर्गाकडे येतो.

माझ्या शाळेचा पट 17. शिक्षक दोन, वर्ग चार. पोषण आहार शिजतो, त्याचे आकडे भरायचे, हजेरी ऑनलाइन, आधारची जुळणी, यू-डायस, गणवेश, वृक्षारोपणाचे फोटो, अमुक दिवस साजरा केल्याचे फोटो, तमुक शपथ घेतल्याचा व्हिडिओ. निरोप वरून येतो, 'तात्काळ' या शब्दानं सुरू होतो आणि बहुतेक वेळा सकाळी साडेदहा ते बाराच्या मध्ये येतो. नेमकी तीच वेळ लेकरांची डोकी ताजी असण्याची. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नं जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून शिक्षकाला दुसऱ्या कामाला जुंपायचं नाही असं सांगितलंय. जनगणनेला मी जाईन, निवडणुकीलाही जातो. त्याबद्दल कुरकुर नाही. पण बाकीची ही कामं 'शैक्षणिक'च धरली जातात, त्यामुळे कलमाच्या कात्रीत ती सापडतच नाहीत.

गेल्या हिवाळ्यात एक दुसरीतला मुलगा वही घेऊन माझ्या टेबलापाशी आला. मी मोबाईलवर काहीतरी भरत होतो, रेंज येत-जात होती, गोल फिरत होता. मी त्याला हातानं 'थांब' केलं. तो थांबला. थोड्या वेळानं मान वर केली तर तो जाऊन जागेवर बसला होता. शाळा सुटल्यावर वह्या आवरताना त्याची वही उघडली. त्रेचाळीस, 34. बावन्न, 25. ओळीनं दहा आकडे, सगळे उलटे, आणि अक्षर इतकं नेटकं की चूक करायला त्यानं किती मेहनत घेतली ते दिसत होतं. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्याचे आईबाप उचल घेऊन बसले होते, रात्री ट्रक आला. मी त्याला पोस्टकार्डही दिलेलं नव्हतं.

ही चूक माझीच. यंत्रणेच्या नावावर ती टाकून मोकळा होणार नाही. माझ्या जागी बाई असत्या तर त्यांनी गोल फिरत राहू दिला असता.

त्याच आठवड्यात मी वर्गात विचारलं होतं, मोठेपणी कोण कोण काय होणार. पोलीस, मिलिट्री, जेसीबी चालवणार, रील बनवणार. एक मुलगी म्हणाली, "सर, मी तुमच्यासारखी होणार." मला बरं वाटलं, लपवत नाही. विचारलं, "का गं?" म्हणाली, "दिवसभर मोबाईल बघायला मिळतो."

डी.एल.एड.च्या, म्हणजे पूर्वीच्या डी.एड.च्या, विद्यालयांत जागा का भरत नाहीत, याची कारणं शोधायला समिती नेमायची तर नेमा. भरती रखडते, नोकरीची खात्री नाही, ही कारणं खरीच आहेत. शिक्षणसेवकाला 6 हजारांत वर्षानुवर्षं राबवलं, 2023 मध्ये त्याचे 16 हजार झाले, तेही खरं. पण माझ्या वर्गातल्या त्या मुलीचं वाक्यही अहवालात घाला. शिक्षक होणं हे लेकरू शिक्षकाकडे बघून ठरवतं. त्याला बघायला काय मिळतं, तो प्रश्न आहे.

निवडीचंही तसंच. शिक्षक भरतीसाठी अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता चाचणी असते. 200 प्रश्न, 2 तास. म्हणजे प्रश्नाला 36 सेकंद. बाई एका 'ग'साठी मिनिटभर गप्प बसल्या होत्या. त्या चाचणीत त्यांचं काय झालं असतं, सांगता येत नाही. मी परीक्षांच्या विरोधात नाही. सर्वोच्च न्यायालयानं 1 सप्टेंबर 2025 रोजी निकाल दिला की, ज्यांची पाच वर्षांहून अधिक नोकरी उरली आहे अशा जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण व्हायचं. मी त्यातलाच. 46 व्या वर्षी रात्री जेवण झालं की बालमानसशास्त्राचं पुस्तक घेऊन बसतो. बायको हसते. मुलगा माझे सराव पेपर तपासतो आणि फार कडक तपासतो. अभ्यास वाया जात नाही, चार गोष्टी नव्यानं कळल्या. तरी चार पर्यायांतून एक निवडताना दरवेळी मला वाटतं, हे लेकरू कोण, घरी कोण असतं त्याच्या, दसऱ्याला जाणार का, हे कळल्याशिवाय बरोबर पर्याय कुठला ते मी कसं सांगू? मग 'क' लिहितो आणि पुढे जातो.

माझ्या शाळेसारख्या 20 किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा राज्यात 2023 साली 15 हजारांच्या आसपास होत्या. सप्टेंबर 2023 मध्ये त्यांच्या 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव मागवले गेले, पानशेत आणि तोरणमाळचे दाखले देण्यात आले. पुढच्या वर्षी, नेमकं 5 सप्टेंबरला, म्हणजे शिक्षकदिनी, अशा शाळांवरचा एक शिक्षक कंत्राटी करण्याचा निर्णय निघाला. तो पुढे बदलला, मग मागेही घेतला गेला. तारीख मात्र आमच्या लक्षात राहिली. छोट्या शाळेचे तोटे मला मान्य आहेत. 17 पोरांत कबड्डीचे दोन संघ जेमतेम होतात, आणि दिवाळीनंतर नऊच उरतात तेव्हा तेही होत नाहीत. दहा वर्षांच्या मुलीला बरोबरीची मैत्रीण नसते. हे लहान दुःख नाही. पण बाईंच्या प्रश्नाचं उत्तर देणं जर कुठे शक्य असेल तर ते इथेच आहे. 17 लेकरांतला कोण 'ग' उलटा काढतो, हे शिक्षकाला पाठ असू शकतं. दोन तास गाडीत बसवून तीनशेंच्या शाळेत नेलेल्या लेकराचं ते कुणाला पाठ असेल?

22 वर्षांत माझ्या शाळेला भेटी पुष्कळ झाल्या. भेटवहीचे शेरे मी परवा सलग वाचले. 'अभिलेखे अद्ययावत ठेवावेत.' 'परिसर स्वच्छ आहे.' 'ऑनलाइन माहिती तात्काळ भरावी.' 'गुणवत्ता समाधानकारक.' एकाही शेऱ्यात एकाही लेकराचं नाव नाही. येणारी माणसं वाईट नव्हती. त्यांच्यामागेही कुणीतरी 'तात्काळ' लावलेलं असणार. पण एकानंही कुठल्या लेकराकडे बोट दाखवून मला विचारलं नाही की, गुरुजी, हा कुठे अडतो आणि तुम्ही त्यावर काय करून बघितलंत?

तेवढंच मागायला हे पत्र लिहिलं. पगारवाढ नको, सत्कार नको, भिंतीवरचा फोटो तर काढलात तरी चालेल. दोनच गोष्टी करा. एक, मधली सुट्टी होईपर्यंत शाळेला कुठलाही निरोप, कुठलीही माहितीची मागणी पाठवायची नाही, असा आदेश काढा आणि तो आदेश दुपारी पाठवा. दुसरी, शाळेला भेट देणाऱ्या प्रत्येकानं, तुम्ही आलात तर तुम्हीसुद्धा, फाईल उघडायच्या आधी पटावरचं कुठलंही एक नाव निवडून शिक्षकाला त्याच्याबद्दल विचारायचं. पुढच्या भेटीत त्याच लेकराबद्दल पुन्हा विचारायचं. मला उत्तर आलं नाही तर भेटवहीत तसं लिहा. मी सही करीन.

फक्त कृपा करून त्याची लिंक काढू नका.

आपला,
एक प्राथमिक शिक्षक

ता. क. पोस्टकार्ड 50 पैशांना मिळतं. यंदा दसऱ्याच्या आधी मी 20 आणून ठेवणार आहे. उसाला गेलेला तो मुलगा पाडव्यानंतर परत आला. त्रेचाळीस अजून 34 च लिहितो. तुरीच्या काड्या काढल्या आहेत.